खटपटमावशीचा आरसा

मी एक जुना आरसा आहे. भिंतीवर मिरवणारा भलामोठा नव्हे, मित्रांनो. लाकडी चौकटीचा, मूठ धरून उचलायचा साधा हातआरसा. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. पाठीवरचा मुलामा जागोजागी सुटल्यामुळे माझ्यात बघणाऱ्याच्या गालावर काळे ठिपके दिसतात आणि नवख्या माणसाला वाटतं, आपल्याला कांजिण्या आल्या की काय! माझ्यात बघून आता कोणी भांग पाडत नाही. पण माझी ऐट अजून गेलेली नाही. कारण तुमच्यापैकी ज्यांनी खटपटमावशीच्या चित्रकथा वाचल्या असतील, ते तिच्या ज्या ज्या चेहऱ्यांवर पोट धरधरून हसले, ते सगळे चेहरे आधी माझ्यात उमटले आणि मग कागदावर गेले.

'हातच्या कांकणाला आरसा कशाला' असं माणसं म्हणतात. ही म्हण मला मुळीच आवडत नाही. कांकणाला नसेल लागत, पण चेहऱ्याला लागतो ना? साऱ्या जगाचे चेहरे तुम्हाला दिसतात, फक्त स्वतःचा दिसत नाही. त्यासाठी आमच्याच दाराशी यावं लागतं.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसताच एक तुकडा होतो. पलीकडे जे असेल ते दाखवायचं, एवढंच मला ठाऊक होतं. मग एका कारागिराने मला घासून-पुसून लख्ख केलं, माझ्या पाठीवर चांदीचा पातळ मुलामा चढवला आणि त्यावर लाल रंगाचा हात फिरवला. तो वाळल्यावर त्याने मला उलटं केलं, तेव्हा माझ्यात पहिल्यांदा कोणीतरी दिसलं. तो कारागीरच होता. त्याने माझ्यात बघून दातात अडकलेलं काहीतरी काढलं आणि मला पेटीत ठेवून दिलं. मला जरा वाईट वाटलं.

पेटीतून मी पोहोचलो एका सलूनमध्ये. मालक उंच, शिडशिडीत आणि भरघोस मिशांचे होते. ते कधी हसत नसत. वस्तरा हातात असताना हसू नये, असा त्यांचा नियम होता आणि वस्तरा त्यांच्या हातात दिवसभर असे. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनी विनोद सांगून एकमेकांना टाळ्या दिल्या तरी मालकांच्या मिशीचा केसही हलत नसे.

समोरच्या भिंतीवरचा मोठा आरसा गिऱ्हाइकाचा चेहरा दाखवी. माझं काम अगदी शेवटचं होतं. केस कापून झाले, मानेवरची पावडर झटकली, की मालक मला मुठीत धरून गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे नेत आणि विचारत, "चालेल?"

गिऱ्हाईक मोठ्या आरशात माझ्यातलं आपलं मागचं डोकं बघून मान हलवी. "चालेल."

'नाही चालणार' असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. कापलेले केस परत थोडेच चिकटवता येतात! पण मालक हा प्रश्न प्रत्येकाला विचारत आणि उत्तर येईपर्यंत मला हलवत नसत. गिऱ्हाईक घाईत असलं तरी.

मालकांना एक मुलगी होती. तिची आई शिवणाच्या कारखान्यात कामाला जाई, म्हणून शाळा सुटली की ही लेक सलूनमध्ये येऊन बाकाच्या टोकाशी बसे. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठींवर ती गिऱ्हाइकांची चित्रं काढी. घोरणारा, जांभई देणारा, वस्तऱ्याच्या भीतीने डोळे गच्च मिटून घेणारा. पण गिऱ्हाइकं उठून जात आणि चित्रं अर्धवट राहत. एके दिवशी तिने मला उचललं आणि माझ्याकडे बघून डोळे वटारले. मी दचकलोच. मग तिने नाक मुरडलं, गाल फुगवले, ओठ बाहेर काढले आणि प्रत्येक वेळी खाली बघून कागदावर काहीतरी रेखाटलं. तिला उठून न जाणारं गिऱ्हाईक सापडलं होतं.

रागावलेला माणूस काढायचा तर ती आधी स्वतः रागवायची. रडका काढायचा तर तिचा चेहरा इतका पडायचा की बाकावरची माणसं विचारत, "काय गं, बाबा ओरडले का?" एकदा ती शिंकणारा माणूस काढत होती. शिंक आणता आणता खरोखरच आली आणि मी तिच्या हातून निसटलो. माझा हा टवका तेव्हाचा. लेकीला दरदरून घाम फुटला. मालकांनी मला उचललं, तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तिथे चिकटपट्टी लावली.

"कोणाचा हात कापायला नको," एवढंच ते म्हणाले. आणि मग जरा थांबून, "शिंक जमली का?"

"जमली, बाबा."

पुढे लेक चित्रकला शिकली. तिने कामासाठी एक खोली भाड्याने घेतली, तेव्हा बाबांनी मला टॉवेलात गुंडाळून तिच्या टेबलावर आणून ठेवलं. आता मीही त्यांना बाबाच म्हणणार, कारण त्या दिवसापासून ते माझे मालक राहिले नाहीत.

"गिऱ्हाइकांना पाठ दाखवायला दुसरा घेईन मी," ते म्हणाले. "तुला चेहरे काढायचेत. हा तुझ्याकडेच बरा."

सुरुवातीची कामं मिळतील ती होती. साबणाच्या वेष्टनावर फुलं. शाळेच्या पुस्तकात माणसाची आतडी. ती काढताना माझा काहीच उपयोग नव्हता, मी नुसता बसून होतो. मग गोष्टींची पुस्तकं मिळू लागली आणि मला काम आलं. तिने एक राक्षस काढला, पण त्याच्या गालाला तिची खळी पडली, त्यामुळे त्याला कोणीच घाबरलं नाही. एका समुद्रसफरीच्या पुस्तकात तर कप्तानापासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना तिचंच नाक! प्रकाशक चित्रं चाळत म्हणाले, "काय हो, हे सगळं जहाज एकाच घरातलं आहे का?" लेक ओशाळली. हळूहळू ती माझ्यातून फक्त भाव घ्यायला शिकली आणि नाकं-डोळे रस्त्यावरून उचलू लागली.

मुलांच्या एका साप्ताहिकाचे संपादक तिची चित्रं बघत असत. हे गोल गरगरीत गृहस्थ पेन्सिल कानावर ठेवून ती टेबलभर शोधायचे. त्यांनी लेकीला मागचं पान देऊ केलं. दर आठवड्याला एक चित्रकथा, कल्पना तिची, चित्रं तिची. त्या पानावर जन्माला आली खटपटमावशी.

मावशीला मोडकं काही बघवत नाही. अंगात खूप खिशांचा अंगरखा, हातात पान्हा. ती नळ दुरुस्त करायला जाते आणि रस्त्यात तळं करून येते. शेजाऱ्याची सायकल नीट करते आणि ती फक्त मागे चालू लागते. दर गोष्टीत सगळं अंगाशी येतं आणि शेवटच्या चौकटीत मावशी त्यातूनच काहीतरी भलं करून दाखवते आणि हसते. मावशी डावखुरी आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याचं श्रेय माझं. लेक उजव्या हातात पान्हा धरून माझ्यात बघायची आणि माझ्यात दिसे तसाच हात काढायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "माझ्या आरशाला विचारा." डावखुऱ्या मुलांनी तर मावशीला डोक्यावर घेतलं.

तिची कामाची रीत मला पाठ होती. आधी पेन्सिलीने चौकटी. त्यांत माणसांच्या नुसत्या काठ्या-गोळ्या. बोलण्याचे फुगे कुठे बसतील ते. मग मी. मावशीला जे वाटतंय ते ती आधी स्वतःच्या तोंडावर आणायची आणि चिमटीत पकडल्यासारखं कागदावर ठेवायची. मग काळी शाई आणि ब्रश. चुकलंच तर पांढऱ्या रंगाची छोटी बाटली होतीच. अशी कितीतरी वर्षं गेली. मावशीची पुस्तकं निघाली, मुलं मोठी झाली, त्यांची मुलं मावशी वाचू लागली. लेकीच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या आल्या. त्या मी बघितल्या. मावशीला मात्र एकही आली नाही. आई गेली, सलून दुसऱ्याला देऊन बाबा लेकीकडे राहायला आले. त्यांच्या मिशा पिकल्या होत्या, पण पीळ तसाच होता आणि हसणं तसंच बंद होतं.

मग ती सकाळ आली, मित्रांनो.

मावशी गावातलं मनोऱ्याचं घड्याळ दुरुस्त करायला चढली होती आणि मागच्या अंकात मोठ्या काट्याला लोंबकळत राहिली होती. खाली लिहिलं होतं, 'क्रमशः'. चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून का ओघळलं, हे लेकीला कळलं नव्हतं. सवयीप्रमाणे ती टेबलाशी आली, मला उचललं आणि मावशीचं घाबरणं तोंडावर आणू लागली. तिचा अर्धा चेहरा घाबरला. उरलेला अर्धा जागचा हलला नाही. ती हसून बघू लागली, तेव्हाही तसंच. डावा गाल, डावी भुवई, डावा ओठ, सगळे रुसल्यासारखे गप्प. डावा डोळा मिटेना.

आरशाच्या जातीला खोटं बोलता येत नाही. त्या दिवशी आलं असतं, तर मी बोललो असतो. तिने मला टेबलावर पालथं घातलं.

डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे. औषधं दिली, गालाला मालिश करायला सांगितलं. पुष्कळांचं पूर्ण बरं होतं, कोणाचं थोडं राहून जातं. लेकीचं थोडं राहून गेलं. डोळा मिटू लागला, पाणी सांडेनासं झालं, पण डावी बाजू हसायला तयार होईना. हात धडधाकट होता, ब्रश तोच होता. पण चेहरे येत नव्हते. इतकी वर्षं ती मावशीला स्वतःच्या तोंडावरचे भाव वाढत आली होती. आता काय वाढणार?

तिने एक पळवाट काढून बघितली. एक अख्खं पान तिने मावशी पाठमोरीच काढली. काट्याला लोंबकळणारी पाठ, अंबाडा, अंगरख्याची गाठ. संपादक स्वतः घरी आले. ते लेकीकडे न बघता पानाकडे बघत राहिले आणि ते का, हे लेकीला कळलं.

"मावशी मुलांवर रुसलीय का हो?" त्यांनी हळूच विचारलं.

इतके आठवडे ते मावशीच्या जुन्याच गोष्टी पुन्हा छापत होते. मुलं दर अंकाला विचारत होती, मावशी पडली की वाचली?

"कचेरीतला आमचा चित्रकार काढून देईल म्हणतो," संपादक चाचरत म्हणाले. "तुम्हाला बरं वाटेपर्यंत. त्याचे घोडे फार छान असतात."

"मावशी घोडा नाहीये," लेक म्हणाली. मग खाली मान घालून म्हणाली, "पण द्या त्याला. माझ्याकडून नाही होणार आता."

संपादकांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "सोमवारपर्यंत थांबतो," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मी पालथाच होतो, पण आवाज ऐकू येत होते आणि बाकीचं मी इतक्या वर्षांच्या ओळखीवर ताडत होतो. मावशी चालली होती. तिच्याबरोबर लेकीचं सगळं काम चाललं होतं आणि खरं सांगायचं तर माझंही.

रविवारी दुपारी बाबा तिच्या खोलीत आले. त्यांनी ते पाठमोरं पान हातात घेऊन नीट बघितलं.

"अंबाडा छान झालाय," ते म्हणाले. "पण आमच्या धंद्यात पाठ सगळ्यात शेवटी दाखवतात, पोरी. आधी तोंड."

मग त्यांनी खुर्ची ओढली, लेकीच्या समोर बसले आणि स्वतःच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून घेतला.

"हं. सांग, मावशीला काय होतंय?"

"बाबा, हे काय आता?"

"गिऱ्हाईक बसलंय. ताटकळत ठेवू नये."

लेकीने सुस्कारा सोडला. "ती घाबरलीय. हात सुटत चाललाय."

ज्या माणसाने वस्तऱ्याच्या धाकाने उभ्या जन्मात चेहऱ्याची रेष हलू दिली नव्हती, तो आता घाबरायला बसला. बाबांनी डोळे बारीक केले, जबडा एका बाजूला ओढला, मिशी वर केली.

"दाढ दुखतेय का तुमची?" लेक म्हणाली.

"अगं, घाबरलोय!"

"असं नाही घाबरत कोणी."

बाबांनी टेबल चाचपलं, मला उचललं, सुलटं केलं आणि माझ्यात बघितलं. इतक्या दिवसांनी उजेड दिसला आणि त्यात पहिलं दर्शन ते! मी तडकलो नाही हे नशीब. "बरोबर आहे तुझं. दाढच वाटते," असं म्हणून त्यांनी मला शाईच्या बाटलीला टेकवून ठेवलं.

"तुम्ही कधी घाबरलाच नाहीत का हो, बाबा?"

"घाबरलो की. त्या सकाळी तुझं तोंड बघितलं, तेव्हा."

हे बोलताना त्यांनी चेहरा मुद्दाम केला नव्हता. तो आपसूक झाला. डोळे विस्फारलेले, ओठ किंचित उघडे, कपाळावर दोनच आठ्या.

"हलू नका," ती म्हणाली. "अगदी तसेच बसा."

पेन्सिल घ्यायलाही तिला फुरसत नव्हती. तिने कोरं पान ओढलं आणि थेट ब्रश शाईत बुडवला. मावशीला अंबाड्यापुढचा चेहरा आला. मग पुढची चौकट, "आता ती घड्याळावर चिडलीय," आणि बाबा चिडले. "आता युक्ती सुचलीय," आणि बाबांना युक्ती सुचली. त्यांना ते इतकं आवडू लागलं की न विचारताच ते पुढचे भाव करून दाखवू लागले. ब्रश सरसर चालला होता. मी नवीन कोणी आल्यासारखा टकामका बघत होतो.

शेवटची चौकट तेवढी राहिली, तेव्हा लेकीने ब्रश ठेवला आणि पान हात लांब करून बघितलं. तिचे डोळे मोठे झाले.

बाबांनी टॉवेल सोडला आणि वाकून बघितलं. "अरेच्चा," ते म्हणाले. "मावशीला माझी मिशी?"

खरंच, मित्रांनो! समोर दिसेल तो चेहरा जसाच्या तसा काढायची जुनी सवय उसळून आलेल्या आमच्या लेकीने भाव उतरवता उतरवता मिशीही उतरवली होती. घाबरलेल्या मावशीला मिशी, चिडलेल्या मावशीला मिशी, युक्ती सुचलेल्या मावशीला तर चांगली पीळदार मिशी. आणि सगळं पक्क्या काळ्या शाईत!

लेक हसली. आधी फसकन, मग मोठ्याने, मग तिची हसता हसता मुरकुंडी वळली. बाबांनी पानाकडे बघितलं, स्वतःच्या मिशीवरून हात फिरवला आणि तेही हसले. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. वस्तरा हातात नव्हता ना.

डोळे पुसताना लेकीची नजर माझ्यावर पडली. मी बाटलीला टेकून तिच्याकडे तोंड करूनच उभा होतो. तिचं हसू विझलं. मला पालथं घालायला तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला, कारण हसू पुरतं विझलेलं नव्हतं. तिने ते बघितलं. एक बाजू मनापासून हसत होती, डोळा बारीक, गालाला ती जुनी खळी. दुसरी बाजू मात्र हसावं की न हसावं याचा अजून विचार करत होती. मला विचाराल तर असं हसू मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं, आणि मी पुष्कळ चेहरे बघितले आहेत.

तिने मला जवळ ओढलं. ब्रश उचलला. शेवटच्या चौकटीत मावशी घड्याळ चालू करून मनोऱ्यावर बसली आहे आणि हसते आहे. हसते आहे ती एका बाजूने.

मग तिने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली आणि पहिल्या मिशीवर ब्रश नेला. तिथे जरा थांबली आणि बाटली बंद करून टाकली. पानाच्या सुरुवातीला थोडी जागा होती, तिथे तिने एक छोटी चौकट घातली. काट्याला लोंबकळता लोंबकळता मावशी तेलाने बरबटलेल्या घड्याळाच्या चाकांतून एक हात बाहेर काढते आणि त्याच हाताने नाकाखाली पुसते. झालं! मिशीचं गणित सुटलं. अशी सुचलेली युक्ती मावशीलाच शोभली असती.

शाई वाळायला ठेवली, तेव्हा बाबा उठले. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि मला मुठीत धरलं, अगदी पूर्वीसारखं. मला वाटलं, आता हे मला लेकीच्या डोक्यामागे नेणार. पण त्यांनी मला तिच्या चेहऱ्यासमोर धरलं.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

लेक माझ्यात बघत राहिली. वाकड्या ओठाकडे, रुसलेल्या गालाकडे, सुरकुत्यांकडे. बाबांनी मला हलवलं नाही. ते वाट बघत राहिले.

"चालेल, बाबा," ती म्हणाली.

त्या अंकानंतर मुलांनी नाकाखाली काळे फराटे ओढून घरभर धुमाकूळ घातला आणि कितीतरी आयांनी साप्ताहिकाच्या नावाने बोटं मोडली. मावशी तेव्हापासून एका बाजूनेच हसते. असं का, हे कोणी विचारलं नाही. मुलांना वाटलं, ती पहिल्यापासून अशीच हसत होती. आणि दर गोष्टीत कुठल्या ना कुठल्या चौकटीत तिला काजळीची, तेलाची, चिखलाची मिशी लागते. बाबा आता नाहीत. त्यांची मिशी मात्र दर आठवड्याला छापली जाते.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी जुना आरसा असेल तर त्याला कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या हाताने धरू नका, पाणी कडेने आत शिरतं आणि मुलामा खातं. तडा गेला तर फेकायची घाई करू नका, चिकटपट्टी लावून बघा. एवढी काळजी घेतलीत तरी आम्ही पुष्कळ टिकतो.

आणखी एक मागणं आहे. कधी दात पडेल, कधी पुटकुळ्या येतील, कधी पडून कपाळ फुटेल, कधी काही असं होईल की आपला चेहरा आपल्यालाच ओळखू येणार नाही. अशा वेळी आरसा पालथा घालावासा वाटतो. घालू नका. त्याला समोर धरा, स्वतःला बाबांचा तो एकच शब्द विचारा, आणि उत्तर येईपर्यंत हात हलू देऊ नका.